दातात धरलेलं जाळं

नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, याची मला खात्री पटली ती त्याच्या शर्टाचा वास घेतल्यावर. वास बाईचा नव्हता. अत्तर नाही, पावडर नाही, काही नाही. नुसता जळक्याचा वास, तवा रिकामा गॅसवर राहिला की येतो तसा. तरीही मला खात्रीच पटली. डोक्यात एकदा किडा शिरला की असंच होतं. पुरावा मिळाला नाही की आपण म्हणतो, बघा, किती हुशारीने लपवलंय.

आम्ही विक्रोळीला राहतो. आमची चाळ पाडून तिथेच ही इमारत उभी राहिली आणि आम्हाला हॉल, किचन आणि एक बेडरूम मिळाली. हॉलमध्ये सासूबाई आणि माझी मुलगी झोपतात, बेडरूम आमची. चाळीत एका खोलीत पाच माणसं राहत होतो, तेव्हा या माणसाला माझ्यासाठी वेळ, जागा, निमित्त सगळं सापडायचं. आता स्वतःची खोली, आतून कडी लागणारं दार, आणि हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला! मी आधी म्हटलं, दमला असेल. मग म्हटलं, ऑफिसचं टेन्शन असेल. मुलुंडला बँकेत आहे, वर्षअखेर आली की सगळेच तिथे चिडचिडे होतात. पण वर्षअखेर येऊन गेली, दुसरी आली, तीही गेली.

एके काळी हा माणूस किचनमध्ये पाणी प्यायला आला तरी माझी वेणी ओढल्याशिवाय परत जात नसे. तो आता समोरून जायला लागला तर मी ओट्याला चिकटून उभी राहून त्याला वाट द्यायची, जणू जिन्यावर भेटलेला शेजारी. मी घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथे चारी भिंतींना आरसे. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर फ्रेम बसवताना मला मीच दिसायचे, समोरून, बाजूने, मागून. पोट सुटलंय, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीय. मला वाईट वाटायचं, खूप वाईट. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव. त्यामुळे घरात भांडी आपटायची.

सासूबाईंच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील? त्या मालवणकडच्या. गिरणी कामगाराची बायको म्हणून मुंबईत आल्या आणि उभा जन्म इथे काढला, पण भाषा तसूभर बदलली नाही. एकदा कोळंबी सोलता सोलता त्या मला म्हणाल्या, "कित्याक मनाक लावून घेतंस गो? पुरुष चाळिशीक इलो की असोच होता. तेका घरची बायल दिसणा नाय. ह्येंचाय तसाच होता."

"बाबांचं?" मी विचारलं.

"मगे? आणि मी अशी काळी. माका कोण बघतलो?"

एवढं बोलून त्या पुन्हा कोळंबीकडे वळल्या. मेथीला भाव काय लागला हे सांगावं इतक्या सहज बोलल्या होत्या. सासूबाई काळ्या आहेत हे खरं, आणि या वयातही देखण्या आहेत हेही खरं. पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती, मी माझ्याच दुःखात होते.

माझा संशय दोन ठिकाणांवर होता. एक, शनिवारची गच्ची. दर शनिवारी संध्याकाळी हा फोन खिशात टाकून गच्चीवर जायचा आणि जेवायच्या वेळी खाली यायचा. काय करतोस रे वर, म्हटलं की उत्तर एकच, "जाळ्याचं काम." दोन, रविवारची पहाट. गावच्या तीन-चार मित्रांबरोबर तो खाडीवर मासे पकडायला जायचा. सासऱ्यांनी त्याला लहानपणी गावाला हात फिरवून जाळं फेकायला शिकवलं होतं. ते गेल्यावर त्यांचं जाळं याच्याकडे आलं, आणि मग गेली काही वर्षं रविवार म्हणजे खाडी हे ठरूनच गेलं. घरी ताजी बोयटं यायची, सासूबाई खूश व्हायच्या. मीही खायची. पण आता मी हिशेब जुळवायला लागले. फोन घेऊन गच्चीवर, रविवारी गायब, घरी आल्यावर माझ्याकडे पाठ. चौथीतल्या पोरालाही सुटेल असं गणित होतं.

म्हणून एका रविवारी, सासूबाईंना "डोकं दुखतंय, जरा चालून येते" असं सांगून मी त्याच्या मागोमाग निघाले. तो बाइकवर, मी रिक्षात. रिक्षावाल्याला कसं सांगणार, त्या बाइकच्या मागे घ्या म्हणून? भांडुपला खाडीकडे जाणारा रस्ता मला ठाऊक होता, तिथेच सोडा म्हटलं. पुढे चालत गेले. दोन्ही बाजूंना तिवरं, खाली चिखल, माझ्या पायात दुकानात घालायच्या चांगल्या सँडल. वाट लागली त्यांची.

तिवरांच्या आडून पाहिलं. बाई नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात माझा नवरा उभा होता.

मी त्याला जाळं फेकताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ते गोल जाळं असतं, कडेला चहूबाजूंनी शिशाचे मणी ओवलेले, वजनाने खाली बुडावं म्हणून. त्याने अर्धं जाळं डाव्या खांद्यावर टाकलं, थोडं उजव्या हातात घेतलं, आणि मण्यांची कड उचलून दातात धरली. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून तिसरा हात दातांचा. मग तो तसाच थांबला, पाण्याकडे बघत, अगदी न हलता. आणि एकदम कमरेतून वळून त्याने ते सोडलं. हवेत जाळं गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. वर ओढल्यावर त्याने चार-पाच मणी चाचपले. एक सैल झाला होता, तो दाढेखाली घालून दाबला. गालात आणखी दोन-तीन मणी होते, सुपारी धरावी तसे. गरज लागेल तसा तो एकेक काढत होता.

मी खूप वेळ तिथे उभी होते. हसू यावं का रडू यावं कळेना. बाई नाही म्हणून बरं वाटलं, पण मग हे काय? जाळ्याची कड तो इतक्या हळुवारपणे ओठांत धरत होता, की खरं सांगते, मला त्या जाळ्याचा मत्सर वाटला. चिखलाने भरलेल्या सँडल हातात घेऊन घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढे मग त्याचं पोट दुखायला लागलं. मुरडा मारून दुखायचं, शौचाला होत नसे, डोकं चढायचं. एकदा तर बँकेतून घरी आणून सोडलं त्याला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन खाली, बाकी साखर, थायरॉइड वगैरे ठीक. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर आल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरलेला होता. आत काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं. आणखी एक तपासणी करू, पुरुषांच्या हार्मोनची.

तो आकडा फार खाली आला. मुलुंडला हार्मोनच्या डॉक्टरांकडे आम्हाला पाठवलं. आता मी बाहेर बसायला तयार नव्हते. आत गेले, खुर्ची ओढली आणि बसले.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत गेले. काम काय? बँकेत. कारखाना, बॅटरी, रंगकाम, वेल्डिंग, असं काही? नाही. दारू? कधीतरी. कसली ताकदीची औषधं, भस्मं? नाही. मासे?

"डॉक्टर, मालवणी आहे मी," नवरा म्हणाला.

"कुठले खाता?"

"खाडीतले. मीच पकडतो."

इथे डॉक्टरांनी मान वर केली. खाडीच्या पाण्यात काय काय उतरतं हे कुणाला सांगायला नको. काही धातू शरीरात साठले तर हार्मोन बनवणाऱ्या यंत्रणेत खोडा घालतात, आणि तुमची पोटदुखी, कमी हिमोग्लोबिन हेही त्यात बसतं, असं ते म्हणाले. पारा, शिसं वगैरेसाठी रक्त द्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत खाडीचे मासे बंद.

त्या दिवसांत आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. रविवारी सासूबाईंच्या पुढ्यात भेंडी वाढली, तर त्या ताटाकडे बघत राहिल्या. "माशान माणूस मरता काय?" असं त्यांनी भेंडीलाच विचारलं.

रिपोर्ट आला तेव्हा पारा ठीक होता. शिसं मात्र खूप वाढलेलं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "माशांतून एवढं येणार नाही," ते म्हणाले. "पुन्हा आठवा. शिशाशी कुठेच संबंध नाही?"

"नाही," नवरा म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला वाटलं कामाबद्दलच विचारतायत, आणि ते काही त्याचं काम नव्हतं. त्याच्या लेखी शिसं म्हणजे जाळं, जाळं म्हणजे बाबा आणि रविवार. आठवड्यातली तेवढीच एक चांगली गोष्ट होती, तिच्यात विष असेल असं त्याच्या मनात येणार कुठून?

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती कमरेएवढ्या पाण्यातली आकृती उभी राहिली.

"जाळ्याला असतं ना शिसं," मी म्हणाले. "तो दातात धरतो. मणी दाढेने चावून बसवतो. गालात ठेवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं.

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. "तू कधी बघितलंस?"

सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटे असलो की तू. त्या वेळी मात्र मध्ये डॉक्टर बसलेत हे मी साफ विसरले. "आले होते मी खाडीवर. तुझी बाई शोधायला."

डॉक्टर टेबलावरचा पेन उचलून बघायला लागले. ते हसू दाबत होते हे मला दिसत होतं.

"बाई?" नवरा म्हणाला. "माझी?"

"मग काय! शनिवारी फोन घेऊन गच्चीवर, रविवारी तिकडे. मला काय स्वप्न पडणार?"

"अगं, वर मी मणी ओततो. फोन टॉर्चसाठी लागतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "ओततो म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. जुने मणी झिजतात, हरवतात. ग्रुपमध्ये याचा हात चांगला, म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या जाळ्यांचे मणी करायचं काम त्याने अंगावर घेतलं. भंगारातून शिसं आणायचं, गच्चीवर पाण्याच्या टाकीखालच्या छोट्या खोलीत स्टोव्हवर लोखंडी पळीत वितळवायचं, साच्यात ओतायचं, मग कानशीने घासायचं. आधी दार उघडं ठेवायचा. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरून धुराची तक्रार आली, म्हणून दार लावून घ्यायला लागला. खिडकी त्या खोलीला नाहीच.

"दार लावून," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, जणू स्वतःशीच.

मी धीर करून विचारलं, "बरं होईल का हे?" मला खरं तर दुसरंच काही विचारायचं होतं. मला विचारायचं होतं, म्हणजे यात माझा काही दोष नाही ना? पण ते डॉक्टरांना कसं विचारणार?

ते म्हणाले, अशा बाबतीत शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, हार्मोन कमी व्हायला इतरही कारणं असतात. पण इथे कारण समोर दिसतंय. एवढ्यावर सलाइन, इंजेक्शन काही लागणार नाही. शिसं बंद करा, तोंडात तर अजिबात नाही, ओतणं आजपासून संपलं. शरीर हळूहळू ते बाहेर टाकेल. घरातल्या सगळ्यांचं रक्तही एकदा तपासून घ्या, कपड्यांवरून धूळ घरात येते.

माझा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. मुलीचा रिपोर्ट येईपर्यंत मी दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या फ्रेम दिल्या. तिचा नीट आला, माझा आणि सासूबाईंचाही नीट आला. ती खोली गच्चीवर होती, घरात नव्हती, या एका गोष्टीच्या आनंदात मी धुराची तक्रार करणाऱ्या त्या खवचट माणसालाही मनातल्या मनात माफ केलं.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आम्ही मुलुंड स्टेशनजवळ उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. ग्लास हातात घेऊन तो एकदम हसायला लागला. किती तरी दिवसांनी. "बाई! या अवस्थेत? यार, तू माझी इज्जतच वाढवलीस." मग हसता हसता त्याने ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "मला वाटलं मी संपलो. तुला काय सांगणार होतो? खोलीत यायची भीती वाटायची. तू काही विचारशील म्हणून. वर काम असलं की बरं वाटायचं, उशिरा खाली येता यायचं."

म्हणजे हा माझ्यापासून तोंड लपवायला ज्या खोलीत जाऊन बसत होता, तीच खोली त्याला खात होती. आणि मी इकडे भांडी आपटत होते. मला त्याला तिथेच दोन फटके द्यावेत आणि मग जवळ घ्यावं असं झालं. रस्त्यावर दोन्ही करता येईना. मी रसाचा दुसरा ग्लास मागवला.

पुढचे महिने धीर धरायचे होते. मित्रांना त्याने सगळं सांगितलं, तर त्यांनी आधी उडवून लावलं. "आपले बाप-आजे काय मेले काय रे शिसं चावून?" मग एकेक जण गुपचूप जाऊन रक्त देऊन आला. जाळ्याला आता शिशाऐवजी बारीक लोखंडी साखळी आहे. ती गंजते, जाळंही पहिल्यासारखं गोल पडत नाही म्हणतात, पण कड कुणी दातात धरत नाही. शिशाचा आकडा प्रत्येक वेळी थोडा खाली यायचा, दुसरा आकडा थोडा वर. पण मला रिपोर्टच्या आधी कळलं. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, हा पाणी प्यायला आला, आणि जाता जाता त्याने माझी वेणी ओढली. मी पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिले. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगते, की बेडरूमच्या दाराची कडी गंजून कडक झाली होती, आणि ती लावताना आम्ही दोघं हसत होतो.

सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की अंगात शिसं गेलं म्हणून पोट दुखत होतं. बाकीचं त्यांना काय सांगायचं? पण त्यांना सगळं कळत होतं. मुलगा पुन्हा जेवताना थट्टा करतो, सून भांडी आपटत नाही. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी कपड्यांच्या घड्या करत होते, त्या दारातून येऊन माझ्याशेजारी खाली बसल्या.

"काय गो, एक विचारू?"

"विचारा ना आई."

"त्या शिशान नुसता पोटच दुखता? की पुरुषाचा... मनय जाता?"

मी घडी खाली ठेवली. सांगितलं त्यांना. डॉक्टरांनी जसं सांगितलं तसं, साध्या शब्दांत. त्या ऐकत राहिल्या. मग भिंतीवर सासऱ्यांच्या फोटोकडे त्यांची नजर गेली.

"ह्येय ओतीत," त्या म्हणाल्या. "चाळीत. तू येवच्या आदी गॅलरीत शेगडी घेवन बसत. आणि दातात तर कायम. दात काळे झाले होते तेंचे." मग त्यांनी विचारलं, "मगे ह्येंचाय तसाच झाला असतला काय गो?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच कधी कळणार नव्हतं. सासऱ्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, आणि आता तपासता येणार नाही. डॉक्टर असते तर म्हणाले असते, सांगता येत नाही, इतरही कारणं असतात. पण माझ्यासमोर डॉक्टर नव्हते, आई होत्या. मला जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, तेच त्या विचारत होत्या. आणि माझ्यासारखं दोन-तीन वर्षं नव्हे, अर्धा जन्म त्यांनी ते मनात ठेवलं होतं.

"हो आई," मी म्हणाले. "तसंच झालं असणार. तुमचं काहीच नव्हतं त्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट बघितले, तळवे, मग मागची बाजू.

"आणि माका इतकी वर्सां वाटला," त्या म्हणाल्या, "मी काळी म्हणान."

त्या उठल्या, फोटोपाशी गेल्या, पदराने काचेवरची धूळ पुसली. आता रडतील असं मला वाटलं. पण त्या फोटोकडे बघून रागावल्या, नव्या नवरीसारख्या रागावल्या. "अवो, सांगूक काय झाला होता तुमका? एक शबूद?"

आणि मग स्वतःच मान हलवून हसायला लागल्या. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी त्याच पदराने पुसलं.

"सांगतले कसे?" त्या मला म्हणाल्या. "तोंडात जाळा होता मां."